ऊर्जा संहितेचा कोणता मार्ग घ्यावा? (काच बुक करण्याआधी वाचावे)

आर्किटेक्ट, डॉक्टर, हॉटेलमालक आणि संस्थाचालक मंडळींसाठी

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फोनची सुरुवात ठरलेली असते : "ईसीबीसीचं (इमारतींच्या ऊर्जा संहितेचं) काम करून द्यायचंय, तिन्हीतला स्वस्त मार्ग कोणता?" याचं उत्तर फोनवर देता येत नाही. आम्ही टाळाटाळ करतो असं काहींना वाटतं, म्हणून हा कागद.

व्यापारी वापराच्या इमारतीचा कनेक्टेड लोड (बसवलेल्या सगळ्या उपकरणांची मिळून वीजक्षमता) 100 किलोवॅट किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी करार केलेली मागणी) 120 केव्हीए आणि त्यापुढे गेली, की ती संहितेच्या कक्षेत येते. फ्लॅट स्कीमला इको निवास संहिता आहे. 2018 च्या आवृत्तीत ती 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी होती. तिचं गणित निराळं, तो कागद आमच्याकडून वेगळा मागून घ्या. खालचे आकडे 2017 च्या संहितेतले, उष्ण-कोरड्या हवामानासाठीचे आहेत. 2024 मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने नवी संहिता आणली आहे. तुमच्या फाईलला कोणती आवृत्ती लागते, हे मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घेतलेलं बरं. ते काम आम्हीही करून देतो.

तीन मार्ग

पहिला मार्ग प्रिस्क्रिप्टिव्ह. छत, भिंत, काच, एसी, दिवे, प्रत्येकाने आपापली मर्यादा स्वतंत्र पाळायची. गणित कमी, कागद कमी, फीसुद्धा कमी. दुसरा ट्रेड-ऑफ. यात छत, भिंत आणि खिडक्या एकमेकांना सांभाळून घेतात. एक कमी पडलं तर दुसऱ्याने भरून काढायचं. पण ही देवाणघेवाण तेवढ्यापुरतीच, एसी कितीही भारी बसवला तरी तो इथे मोजत नाहीत. तिसरा होल बिल्डिंग परफॉर्मन्स. तुमची इमारत आणि नियमानुसारची प्रमाण इमारत, दोन्ही संगणकावर उभ्या करून वर्षाच्या 8760 तासांचा वीजवापर ताडून पाहायचा, यालाच सिम्युलेशन म्हणतात. तुमचा वापर प्रमाण इमारतीपेक्षा जास्त भरता कामा नये.

"सिम्युलेशन केलं म्हणजे बाकी सगळं माफ" असा एक समज आहे. तसं नाही. अनिवार्य तरतुदी तिन्ही मार्गांत पाळाव्याच लागतात.

वेळ कुठे जातो

काचेत. इलेव्हेशन पसंत झालेलं असतं, रस्त्याकडच्या पश्चिम बाजूला तळापासून गच्चीपर्यंत निळी काच दाखवलेली असते, दुकानदाराला अ‍ॅडव्हान्स गेलेला असतो, आणि मग आम्हाला विचारतात, "आता कोणत्या मार्गात बसतं बघा."

काचेचा रंग संहितेला कळत नाही. उष्णतेच्या हिशेबात तिला दोन आकडे लागतात. एक यू-फॅक्टर, म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे किती उष्णता पार होते, मर्यादा 3.0. दुसरा एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा आत येतो, मर्यादा 0.27. उत्तरेच्या काचेला आपल्या अक्षांशावर 0.50 पर्यंत सूट आहे, आणि तिचा फायदा फारसं कुणी घेत नाही. साध्या 6 मिमी एकेरी काचेचा यू-फॅक्टर साडेपाचच्या वर असतो, मग ती निळी असो की हिरवी. वरून साधी सनफिल्म चिकटवली तर ऊन कमी येईल, यू-फॅक्टर जवळपास तिथेच राहील. एकेरी काच बुक केली म्हणजे पहिला मार्ग तिथेच बंद.

पुढचा प्रश्न काच किती. बाह्य भिंतींच्या एकूण क्षेत्रफळात खिडक्या-काचांचा वाटा 40 टक्क्यांवर गेला, तर ट्रेड-ऑफही बंद आणि सिम्युलेशनला पर्याय उरत नाही. मात्र हा हिशेब चारही बाजू मिळून करायचा असतो. पुढची बाजू साठ टक्के काचेची दिसते म्हणून बरेच जण आधीच घाबरतात. बाजूच्या आणि मागच्या कोऱ्या भिंती धरल्या की आकडा पुष्कळदा तीसच्या आत येतो. काचेमागे भिंत असेल तर तो भाग खिडकीत धरत नाहीत, हेही ड्रॉइंगवर नीट दाखवलेलं नसतं.

भिंतीचंही तसंच. "एएसी ब्लॉक आहे, काळजी नाही," असं आम्ही रोज ऐकतो. आठ इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या) भिंतीचा यू-फॅक्टर साधारण 0.7 ते 0.8. दहा हजार चौरस मीटरच्या आतल्या शाळेला मर्यादा 0.85 आहे, तिथे ती सहज पास. तेवढ्याच ऑफिसला 0.63, तिथे नापास. हॉस्पिटलला 0.40! म्हणून लातूर-नांदेडकडच्या दोन-तीन मजली हॉस्पिटलांना आम्ही बहुधा ट्रेड-ऑफ सुचवतो. बैठ्या इमारतीत छताचा वाटा मोठा असतो, त्यामुळे गच्चीवर पफचा (उष्णतारोधक फोमचा) थर थोडा वाढवला की भिंतीची तूट निघते. मे महिन्यात वरच्या मजल्यावरचे पेशंटही दुवा देतील. सात मजली इमारतीत ही युक्ती चालत नाही.

फीबद्दल

खिडक्या बदलल्यावर आम्ही पुन्हा पैसे घेतो, यावर कुरकुर होते. सिम्युलेशनमध्ये प्रमाण इमारतीच्या खिडक्या तुमच्याच खिडक्यांवरून (40 टक्क्यांपर्यंत) धरायच्या असतात. म्हणजे तुम्ही एक बाजू बदललीत, की आमची दोन्ही मॉडेलं पुन्हा. पहिल्या दोन मार्गांत किरकोळ बदल आम्ही तसेच करून देतो.

तिसरा मार्ग आम्ही सर्रास गळ्यात मारत नाही, त्यात आमची फी जास्त असली तरी. मोठा सेंट्रल एसी प्लांट असलेलं हॉटेल किंवा खरोखर काचेची इमारत असेल, तरच तो खर्च वसूल होतो.

प्लॅन कच्चा असतानाची पहिली बैठक विनामूल्य आहे. येताना चारही बाजूंची इलेव्हेशन, उत्तर दिशा दाखवलेला साइट प्लॅन, खिडक्यांचं शेड्यूल आणि छज्ज्यांची मापं आणा. छज्जा असेल तर एसएचजीसीच्या हिशेबात सवलत मिळते. काचवाल्याकडून नमुन्याचा तुकडा नको, टेस्ट रिपोर्ट मागा, आणि त्यातले आकडे नुसत्या काचेचे आहेत की फ्रेमसह, तेही विचारून घ्या. संहितेला फ्रेमसह लागतात.