मिरगाच्या आधी वायपरचं रबर

समृद्धी महामार्ग झाल्यापासून कारंजा, वाशीम, मेहकरच्या बाजूला पूर्वी कधी न दिसलेल्या गाड्या दिसू लागल्या आहेत. दोन दारांच्या स्पोर्ट्स कार, जमिनीला टेकल्यासारख्या, समोरची काच जवळजवळ आडवी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि कारसाठी त्यावरची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. मालक नोकरीला पुण्या-मुंबईत, घर आणि वावर इकडे. उन्हाळ्यात लग्नसराईला गाडी गावात येते, पंधरा-पंधरा दिवस अंगणात उभी राहते आणि मिरगाचा पहिला पाऊस आला की मिस्त्रीपुढे तक्रार येते, “वायपर त चालून रायला न भाऊ, पन काईच दिसून नाई रायलं.”

ही तक्रार बहुतेक वेळा मोटरची नसते, रबराचीच असते. वायपरची मंद गती मिनिटाला साधारण ४५ फेऱ्यांची धरली, तर एका फेरीला सव्वा सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ताशी १२०च्या वेगानं गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. त्या ४४ मीटरांत काय दिसणार, हे मिलिमीटरपेक्षाही पातळ अशा रबरी कडेवर अवलंबून असतं. गाडी लाखाची असो की कोटीची, ही कड सगळ्यांना सारखीच लागते.

नवं ब्लेड हातात घेऊन त्याचं रबर टोकाकडून बघा. वर पट्टीत अडकलेला जाड भाग, त्याखाली एकदम बारीक मान आणि मानेखाली पाचरीसारखा निमुळता होत गेलेला ओठ. वायपर उजवीकडे निघाला की ओठ डावीकडे कलतो आणि मागे ओढला जातो. डावीकडे परतताना तो उजवीकडे कलतो. प्रत्येक वळणावर तो मानेत मोडून बाजू बदलतो. पुसण्याचं काम ओठाचा फक्त कोपरा करतो, तोही ठरावीक कोनात कललेला असेल तरच. मागे पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा उरतो आणि तो लगेच उडून जातो. ओठ कडक झाला किंवा एका बाजूला वाकून बसला की तो उलटत नाही. मग एका दिशेनं काच स्वच्छ होते आणि परतताना तोच ओठ काचेवर तिरपा ढकलला जाऊन थडथडतो.

थडथडण्यामागे घर्षणाचा खेळ आहे. काच पूर्ण ओली असेल तर रबर आणि काच यांच्यामध्ये पाणी असतं आणि रबर सहज सरकतं. पाणी कमी होत गेलं की रबर काचेला जागोजागी थेट टेकायला लागतं. काच सुकत येते, पण अजून पुरती सुकलेली नसते, त्या अवस्थेत पकड सगळ्यात घट्ट होते. वंगणाचा थर, वेग आणि घर्षण यांचं हे नातं जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२च्या सुमारास बेअरिंगांवर मोजून मांडलं. वायपरलाही ते लागू पडतं. रबर क्षणभर चिकटतं, ताणलं जातं, सुटतं, पुन्हा चिकटतं. फरशीवरून बाज ओढताना ती जशी किरकिरत, उड्या घेत येते, तसंच. म्हणून भुरभुर पावसात वायपर सतत चालू ठेवण्यापेक्षा थांबून थांबून चालवणं रबराच्याही हिताचं असतं: मधल्या वेळात काचेवर पुरेसं पाणी जमतं. ही थांबून चालण्याची सोय अमेरिकेच्या रॉबर्ट कर्न्स यांनी १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक सर्किटनं साधली आणि पुढे तिच्या पेटंटसाठी बड्या मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला. खुद्द वायपरचं पेटंट त्याहून जुनं, अलाबामाच्या मेरी अँडरसन यांचं, १९०३ सालचं. त्यांचा वायपर चालक आतून दांडा ओढून फिरवायचा.

आता आपल्या उन्हाकडे येऊ, कारण विदर्भात रबराचं खरं नुकसान पाऊस यायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. वायपरचं रबर बहुधा नैसर्गिक असतं. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. ही युक्ती चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. रबर ताणून पुन्हा मूळ आकाराला येतं ते या पुलांमुळे. पण अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हातली काच हाताला चटका देते. त्या उष्णतेत काही पूल तुटतात आणि रबर ज्या आकारात दाबलेलं आहे त्याच आकारात नव्यानं जुळतात. दोन महिने एका कुशीवर दाबून ठेवलेला ओठ मग कायमचा त्याच कुशीवर राहतो. तपमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रिया ढोबळमानानं दुपटीनं वेग घेतात, हे लक्षात घेतलं तर एप्रिल-मे काय करतात ते कळेल.

त्यात ओझोनची भर. वाहनांच्या आणि औष्णिक केंद्रांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कडक उन्हात जमिनीलगत ओझोन तयार करायला हातभार लावतात. नैसर्गिक रबराच्या साखळीत जे दुहेरी बंध असतात, नेमके तेच ओझोन तोडतो. ताण नसलेल्या रबराला तो सहसा चिरत नाही, वाकलेल्या रबराला चिरतो, आणि ज्या दिशेनं ताण असेल तिला काटकोनात. वायपरचा ओठ आडवा वाकलेला, म्हणून बारीक भेगा त्याच्या लांबीच्या दिशेनं मानेजवळ पडतात. सहज बघितलं तर दिसत नाहीत. ओठ बोटानं एका बाजूला वाकवून उन्हात धरला की दिसतात. पावसात घासून फारशी झीज झाली नसतानाही जूनमध्ये रबर का बदलावं, याचं उत्तर त्या भेगांत आहे.

धुळीचंही आपल्याकडे दोन तऱ्हांचं प्रकरण आहे. यवतमाळ, अमरावती, अकोल्याची काळी माती दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली. तिच्यातली चिकणमाती अतिशय बारीक असते, पाणी लागताच फुगते आणि काचेवर चिकट लेप बसतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे खडक वेगळे आणि फार प्राचीन, नदीकाठी वैनगंगेची रेती. रेतीत क्वार्ट्झ असतं आणि ते काचेपेक्षा कठीण आहे: मोहस्‌च्या मापावर क्वार्ट्झ ७, काच साधारण साडेपाच ते सहा. ओठाखाली रेतीचा एक कण अडकला तरी प्रत्येक फेरीला काचेवर कमानीच्या आकाराचा ओरखडा उमटतो. तो पुसून जात नाही. रात्री समोरून ट्रकचा दिवा आला की नेमका तिथेच प्रकाश फुटतो. कोरड्या, फुफाट्यानं भरलेल्या काचेवर वायपर कधीच चालवू नये असं मी कळकळीनं सांगतो ते यासाठी. आधी पाणी, मग वायपर.

स्पोर्ट्स कारला याखेरीज दोन अडचणी आहेत. पहिली वाऱ्याची. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ताशी ६० चे १२० झाले की दाब चौपट. १२० ला तो ६५० पास्कलच्या आसपास येतो. ६० सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर उंच ब्लेडवर सगळाच्या सगळा पडला तर सुमारे ४०० ग्रॅम वजनाचं बळ झालं. ब्लेड धरणाऱ्या लोखंडी हाताची स्प्रिंग सगळ्या लांबीवर मिळून किलोभराच्या जवळपास दाब देते, हे पाहता आकडा किरकोळ नाही. आडव्या काचेवरून वारा सुसाट वर चढतो, ब्लेडखाली शिरतो आणि त्याला उचलू पाहतो. म्हणून अशा ब्लेडच्या पाठीवर तिरपा पंख असतो. वारा त्यावर आपटून ब्लेड उलट खाली दाबतो. हा पंख दोन्ही बाजूंनी सारखा नसेल, तर त्याची दिशा पाहावीच लागते. परदेशातून मागवलेलं ब्लेड डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचं निघालं तर पंख उलटा येतो. लांब ब्लेडची बाजूसुद्धा बदलते.

दुसरी अडचण काचेच्या गोलाईची. जुन्या धाटणीच्या ब्लेडमध्ये लोखंडी कमानींची साखळी असते. ती दाब सहा-आठ ठिकाणी वाटून देते आणि काचेप्रमाणे वळते. चपट्या ब्लेडमध्ये कमानी नसतात. आत पोलादी पट्टी असते, तिला कारखान्यातच बाक दिलेला असतो, आणि त्या बाकामुळेच दाब टोकापर्यंत सारखा पोहोचतो. म्हणजे चपटं ब्लेड विशिष्ट काचेसाठीच घडवलेलं असतं. ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं लिहिलेलं चपटं ब्लेड मधल्या गोलाईला धरून केलेलं असतं. स्पोर्ट्स कारची काच कडेला जास्त वळलेली असली की त्याची टोकं अधांतरी राहतात. तिथे मी पैसे वाचवणार नाही. त्याच गाडीसाठी, त्याच लांबीचं, लोखंडी हाताला अडकणाऱ्या त्याच खाचेचं ब्लेड घ्यावं, मग ते आठ दिवस उशिरा आलं तरी चालेल. लांबी इंचात सांगतात, पण जुनं ब्लेड टेपनं मोजूनच मागवा; दोन्ही बाजूंची वेगळी असू शकते. लॅम्बोर्गिनी काउंटॅक, फेरारी एफ ४० अशा काही गाड्यांना तर एकच वायपर आहे.

सिलिकॉनचं रबर घ्यावं का, असं हमखास विचारतात. त्याच्या साखळीत दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे ओझोन आणि ऊन तो छान सोसतो. पण रेतीच्या घासानं लवकर फाटतो, शिवाय महाग. गाडी उघड्यावर उभी राहत असेल आणि डांबरी रस्त्यावरच फिरत असेल तर जरूर घ्या. पांदणीतून घरी जायचं असेल तर साधं नैसर्गिक रबर दरवर्षी रोहिणी सरता सरता बदलणं बरं.

बदलताना घाई नको. अशा बऱ्याच गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेला असतो. तसाच उचलला तर बॉनेटचा रंग खरवडतो. आधी वायपर दुरुस्तीच्या जागेवर, म्हणजे काचेच्या मध्यावर आणावा लागतो. कित्येक गाड्यांत इंजिन बंद केल्यावर लगेच वायपरची कांडी दाबून धरली की तो तिथे येऊन थांबतो. आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत असते. ब्लेड काढल्यावर नुसता लोखंडी हात स्प्रिंगच्या जोरानं काचेवर आपटला तर काच तडकते. म्हणून आधी जाड टॉवेलची घडी काचेवर ठेवावी, मगच खाच दाबून जुनं ब्लेड सोडवावं. नवं ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवावं आणि रबरावरचं प्लास्टिकचं संरक्षक कव्हर काढावं; ते तसंच ठेवून गाडी पावसात नेणारे आहेत.

वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, त्यातला चुना नोझलच्या बारीक छिद्रात बसतो आणि काचेवर पांढरे ठिपके सोडतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घालावं.

शेवटी काच साबणाच्या पाण्यानं धुऊन, बादलीभर पाणी ओतत वायपर दोन-चार वेळा फिरवून पाहा. बारीक रेघ उरली तर ओठावर कण आहे. ओल्या फडक्यानं पुसा. रुंद पट्टा न पुसता ओला राहिला तर तिथे दाब पोहोचत नाही, ब्लेडचा बाक काचेशी जुळत नाही. आणि नवं रबर असूनही एकाच दिशेला थडथड होत असेल तर लोखंडी हातच पिळला गेला आहे. दुसरं ब्लेड विकत घेऊ नका, मिस्त्रीकडून हात सरळ करून घ्या.