मानसोपचार ही ‘खरी डॉक्टरकी’ नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एमबीबीएसच्या पोरांना घरचे अजून बजावतात : सायकियाट्री नको, तिथं नुसतं बोलायचं असतं, वेड्यांत राहून डॉक्टरही वेडा होतो.

दोन्ही साफ खोटं. मानसिक आजार संसर्गानं पसरत नाहीत. सायकियाट्रीच्या एमडीची तीन वर्षं एमबीबीएसनंतरच येतात. लिथियम हे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध सुरू केलं की रक्तातली पातळी, किडनी, थायरॉईड तपासत राहावं लागतं. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असलेल्या रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. अचानक बरळू लागलेल्या आजोबांचं सोडियम उतरलंय की रोजची दारू एकाएकी तुटलीय, हेही ओळखावं लागतं. हे नुसतं बोलणं नव्हे!

देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, तो आपल्याच कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या प्रयोगावरून. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्थाही जवळच आहे. पोरीला आवड असेल तर अडवू नका.