जमीन आईकडून, शब्द मामाचा: पॅसिफिकमधला मातृवंश आणि मातृसत्ता

मार्शल बेटांबद्दल वाचताना ‘तिथे बायकांचं राज्य आहे’ हे वाक्य हमखास भेटतं. तसं काही नाही. तिथे आहे तो मातृवंश, लोक समजतात ती मातृसत्ता. एरवी हा घोळ खपून जातो. पण समुद्र चढत असताना बाईचं नेमकं काय बुडतंय हे बघायचं, तर दोन्ही वेगळं काढावंच लागतं.

मातृवंशात कूळ आणि जमिनीचा हक्क आईकडून येतो. मार्शलमध्ये जमिनीचा एकेक पट्टा खाजणाच्या, म्हणजे बेटांच्या कड्याने वेढलेल्या पाण्याच्या, काठापासून पलीकडच्या खुल्या समुद्रापर्यंत जातो. आई ज्या कुळाची, त्या कुळाच्या पट्ट्यावर मुलांचा हक्क. त्यावर इरोइज म्हणजे सरदार, कुळाचा कारभार बघणारा आलाप आणि प्रत्यक्ष कसणारे, असे तीन थर असतात. आलाप बाईही असू शकते, पण कारभार पुष्कळदा तिचा भाऊच बघतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर आई आणि तलाठ्यासमोर मामा.

मातृसत्ता असती तर निर्णयही बायकांच्या हाती असते. २०१५ च्या निवडणुकीत ३३ जागांच्या संसदेत तीन बायका निवडून आल्या. त्यांतल्या हिल्डा हाइन पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाल्या, हे खरंच मोठं, पण तीन म्हणजे तीनच. (मेघालयातल्या खासींकडेही घर धाकट्या मुलीकडे जातं आणि गावच्या दरबारात परंपरेने पुरुष बसतात.)

आता फिजी. तिथे जमीन बहुतेक ठिकाणी बापाकडून चालते. वुनिदोगोलोआ हे गाव समुद्र आत शिरू लागल्यामुळे २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत, गावाच्याच जमिनीवर हलवलं. नवी घरं मिळाली, पण त्यांत स्वयंपाकघरच नव्हतं! आराखडा करणाऱ्यांना रोज चूल पेटवावी लागत नसावी, एवढाच माझा तर्क. इथे प्रश्न जमीन जाण्याचा नव्हता. विचारलं कुणाला, हा होता.

पापुआ न्यू गिनीतल्या कार्टरेट बेटांवर उलटं झालं. तिथे जमीन आईकडून मुलीकडे जाते. खारं पाणी शिरून अळूच्या कंदांची शेती बसली, त्यांतल्या हुएने बेटाचे तर समुद्राने दोन तुकडे केले. २००६ च्या सुमारास बेटावरच्या वडीलधाऱ्यांनी लोकांना दुसरीकडे वसवण्यासाठी ‘तुलेले पेइसा’ ही संस्था काढली आणि उर्सुला राकोव्हा तिच्या प्रमुख झाल्या. मातृवंशाने बाईला राज्य दिलं नाही, पण बैठकीत ‘ही माझ्या आईची जमीन’ म्हणायची सोय दिली. बुडतेय ती ही सोय. म्हणून ‘मातृसत्ता कुठे होती, मग गेलं काय?’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

कार्टरेट ज्या बुगनव्हिल प्रदेशात येतात, त्याच्या मुख्य बेटावर टिनपुट्झला तिथून हलणाऱ्या कुटुंबांना जागा मिळाली. ती चर्चने दिलेली आहे, आईकडून आलेली नाही. बुगनव्हिलच्या बऱ्याच भागात जमीन आईकडूनच चालते, त्यामुळे यजमानांना हा रिवाज नवा नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण दान मिळालेली जमीन पुढे मुलीकडे जाईल, असं कुठला रिवाज आपोआप ठरवत नाही. पुनर्वसनाची बातमी आली की किती घरं बांधली हे मी नंतर वाचतो. आधी बघतो, नव्या कागदावर नाव कुणाचं चढलंय.