मुंबईची वीजव्यवस्था

मुंबई शहर व उपनगरांना वीज पुरवणारी निर्मिती, पारेषण आणि वितरण यांची यंत्रणा. बेस्ट, टाटा पॉवर, अदानी इलेक्ट्रिसिटी आणि भांडुप–मुलुंड भागात महावितरण हे तिचे वितरक होत.

आरंभकाळाविषयी एकमत नाही. काही लेखक 1882 च्या सुमारास क्रॉफर्ड मार्केटमध्ये लागलेल्या विजेच्या दिव्यांना पहिला मान देतात; पण तो प्रयोग लवकरच बंद पडला. 1905 मध्ये स्थापन झालेल्या बेस्ट कंपनीचे वाडीबंदरचे केंद्र हा सलग पुरवठ्याचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. 1907 मध्ये ट्राम विजेवर धावू लागली. औद्योगिक पुरवठ्याचा विचार केल्यास मात्र 1915 हे वर्ष निर्णायक आहे. त्या वर्षी टाटांचे खोपोली जलविद्युत् केंद्र सुरू झाले आणि गिरण्यांना तेथून वीज मिळू लागली. पुढे भिवपुरी (1922) व भिरा (1927) ही केंद्रे उभी राहिली.

या योजनांची रचना लक्षणीय आहे. इंद्रायणी, आंध्रा व मुळा या भीमा खोऱ्यातील पूर्ववाहिनी नद्यांचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर अडवून सुमारे 500 मीटर खाली कोकणात सोडले जाते. वीज काढल्यावर ते अनुक्रमे पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या नद्यांना मिळते. त्यामुळे भीमा खोऱ्याचे हक्काचे पाणी पश्चिमेला जाते, हा आक्षेप आजही कायम आहे. भिरा केंद्राला पाणी पुरवणाऱ्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तरीही धरण झाले आणि मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या. ही वीज स्वच्छ म्हणताना या विस्थापनाची नोंद वगळता येत नाही.

मागणी वाढल्यावर औष्णिक वीज आली : तुर्भे (ट्रॉम्बे, 1956 पासून) आणि डहाणू (1995, 500 मेगावॉट). राज्याच्या जाळ्यात बिघाड झाल्यास शहर वेगळे काढून वीज टिकवणारी ‘आयलँडिंग’ योजना 1981 पासून आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी शहराची वीज गेली तेव्हा मात्र ती अपुरी पडली. 2023 मध्ये खारघर–विक्रोळी 400 केव्ही वाहिनी सुरू झाल्याने बाहेरून वीज आणण्याची क्षमता वाढली. शहरात जागाच नसल्याने सौर व पवन वीज अशाच वाहिन्यांनी आणावी लागेल.

महापालिकेच्या 2022 च्या हवामान कृती आराखड्यात 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे. सौर वीज दिवसाच मिळत असल्याने रात्रीच्या मागणीसाठी विजेची साठवण लागते. भिरा येथे 150 मेगावॉटचा उदंचन संच (जादा विजेने पाणी वर चढवून, गरजेच्या वेळी ते सोडून वीज काढणारा) आधीपासून आहे; भिवपुरी (1,000 मेगावॉट) व शिरवटा (1,800 मेगावॉट) येथील उदंचन प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने 2023 मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला.