बार्थोलोम्यू खरंच कल्याणला आला होता का?

येशूच्या बारा शिष्यांमधला हा सगळ्यात गप्प माणूस. मराठी बायबलमध्ये बर्थलमय, तोही फक्त नावांच्या यादीत. योहानाच्या शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) नथनेल, जो नासरेथमधून कधी काही चांगलं निघतं का असं तोंडावर विचारतो, तो हाच असं बरेच जण मानतात, पण पुरावा तसा काही नाही.

भारताचा विषय आला चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसमुळे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला त्याने लिहून ठेवलं की पँटेनस नावाचा अलेक्झांड्रियाचा गुरू दुसऱ्या शतकाच्या शेवटी 'इंडिया'त गेला तर तिथल्या ख्रिस्ती लोकांकडे मत्तयचं शुभवर्तमान हिब्रू लिपीत होतं आणि ते म्हणे बार्थोलोम्यूने दिलेलं. आता तेव्हाचे लोक इंडिया म्हणजे इथिओपिया, अरबस्तान काहीही म्हणायचे, त्यामुळे घोळ तिथेच आहे. २०व्या शतकात पेरुमालिल नावाचे जेझुइट फादर आणि मुंबईचे इतिहासकार जॉर्ज मोराईस यांनी हा इंडिया म्हणजे आपला कोकण किनारा, कल्याणच्या बाजूचा, असं मांडलं. मला ते जरा ओढूनताणून वाटतं.

आर्मेनियावाले तर त्याला आपलाच मानतात, तिथेच त्याची कातडी सोलून मारलं अशी परंपरा आहे. मायकेलँजेलोने १५४१ साली पुरं केलेल्या सिस्टिन चॅपलच्या चित्रात तो एका हातात सुरी आणि दुसऱ्यात स्वतःचं लोंबतं कातडं घेऊन बसलाय, आणि त्या कातड्यावरचा चेहरा चित्रकाराचा स्वतःचा असं म्हणतात. कातडं कमावणाऱ्यांचा आश्रयदाता संतही हाच, काय बोलणार!

पण कल्याणचं ख्रिस्ती कनेक्शन अगदीच हवेत नाहीये हां. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने लिहिलंय की 'कल्लियाना'त पर्शियातून नेमलेला बिशप आहे, आणि हे आपलंच कल्याण असं बहुतेक अभ्यासक धरतात. म्हणजे पोर्तुगीजांनी १५३४ला वसई घेतली त्याच्या हजारेक वर्षं आधी, फक्त हे लोक पर्शियन चर्चचे, बार्थोलोम्यूचं नावही कॉस्मस घेत नाही. पुढे १३२१ला ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथाचे) साधू मारले गेले, त्यांच्या अस्थी घेऊन गेलेल्या ओडोरिक या त्याच पंथातल्या प्रवाशाने ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे याच पर्शियन चर्चच्या, ख्रिस्त्यांची १५ घरं असल्याची नोंद केली, आणि लगेच पुढे त्यांना पाखंडी म्हणून शिव्याही घातल्या.