भरून दिलेली मोटर पुन्हा का जळते? आधी कागदावर मांडा

डाळ मिल, जिनिंग आणि बोअरवरच्या मोटरधारकांसाठी

मोटर भरून (नव्या तारेने रिवाइंड करून) दिली की फिरते, पण ती जळाली कशाने ते कारण मिलमध्येच राहिलेलं असतं. एकाच हंगामात तीच मोटर दुसऱ्यांदा जळाली तर दोष बहुधा तांब्याचा नसतो. म्हणून मोटर आमच्या रिवाइंडिंगच्या दुकानात पाठवण्याआधी अर्धा तास काढून घटनांचा नकाशा काढा: काय घडलं ते चौकोनात, कशामुळे ते बाणाने. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू आणि पेन्सिल पुरे. सोबत त्या पाळीचा माणूस मात्र हवाच. मालकाने केबिनमध्ये एकट्याने काढलेला नकाशा अंदाजाचाच असतो.

मेन स्विच बंद केल्यावर काहीही घट्ट करण्याआधी फोटो घ्या: ओव्हरलोड रिलेची (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या यंत्राची) डायल कितीवर आहे, तिन्ही फ्यूजमधली तार, प्रत्येक लगचा (तारेच्या टोकाला जोडणीसाठी बसवलेल्या धातूच्या टोपीचा) रंग. काळा लग कानशीने घासला की पुरावा गेला.

पहिला चौकोन कागदाच्या डाव्या कडेला. त्यात ‘मोटर खराब’ लिहू नका. ‘एलिव्हेटरची साडेसात एचपी मोटर, डेल्टा जोडणी, एकाच फेजच्या कॉइल काळ्या, बाकी दोन स्वच्छ’ असं लिहा. एवढ्यावरूनच अर्धा शोध लागतो. मोटरच्या तीन फेज कॉइल डेल्टा किंवा स्टार अशा दोन प्रकारे जोडतात. डेल्टात एक फेज जळाला किंवा स्टारमध्ये दोन जळाले, तर चालू मोटरची एक लाइन गेली होती. तिन्ही सारखेच काळे असतील तर ओव्हरलोड, जाम किंवा कूलिंग बंद. एकाच जागी भोक असेल तर तिथलं इन्सुलेशन तपासा.

आता उजवीकडे सरका आणि विचारा, हे घडायला काय काय एकत्र यावं लागलं? इथे दोन चौकोन येतात: ‘एक लाइन गेली’ आणि ‘तरी मोटर चालू राहिली’. मध्ये ठळक ‘आणि’ लिहा, कारण यातलं एक जरी नसतं तरी मोटर वाचली असती. पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत चांगली आहे, पण ती एकाच रेषेने धावते. फ्यूज सापडला की माणूस थांबतो आणि रिले तसाच राहतो.

वरची फांदी: लाइन का गेली? कॉन्टॅक्टरवरचा (स्टार्टरमधल्या, मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवरचा) लग जळाला. का? ॲल्युमिनियमची तार दाबाखाली हळूहळू बसते, स्क्रू सैल पडतो, सांधा तापतो.

खालची फांदी जास्त बोलकी आहे. मोटरच्या नेमप्लेटवर ११ अँपिअर, रिलेची डायल १६ वर. का? रिले वारंवार ट्रिप व्हायचा, म्हणून कुणीतरी वाढवली. ट्रिप का व्हायचा? एलिव्हेटरच्या बुटात (तळाच्या पेटीत) डाळ साचून पट्टा चोक व्हायचा. म्हणजे रिले त्याचं काम चोख करत होता, आपणच त्याचं तोंड बंद केलं! ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ हा शेवटचा चौकोन होऊ शकत नाही. आपल्या हाताने बदलता येईल अशा गोष्टीपर्यंत जा: फीड गेट किती उघडायचं, बूट कधी साफ करायचा, डायलला हात कुणी लावायचा.

प्रत्येक चौकोनाखाली पुरावा लिहा: फोटो, मीटरचं रीडिंग, कुणाचं सांगणं. पुरावा नसेल तर चौकोन तुटक रेषेचा. ‘लाइटच खराब आहे’ हा आपल्याकडचा लाडका तुटक चौकोन. तो मोजून पाहा. लोडवर ४१५, ४१०, ३९० व्होल्ट मिळाले तर सरासरी ४०५, सरासरीपासून सर्वात मोठा फरक १५, म्हणजे सुमारे ३.७ टक्के असमतोल. एवढ्यानेही वाइंडिंगची तापमानवाढ साधारण पाव पट जास्त होते.

बाण तपासायची युक्ती सोपी आहे. उजवीकडचा चौकोन बोटाने झाका. डावीकडचं तरीही घडलं असतं, तर बाण चुकला.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बोअरवर ‘आणि’ बहुतेक तीन असतात: पाणी खाली गेलं, रात्री लाइट आल्यावर ऑटोने (आपोआप मोटर सुरू करणाऱ्या स्विचने) मोटर सुरू केली, आणि ड्राय रन संरक्षण (पाण्याविना चालणारी मोटर बंद करणारं) नव्हतं किंवा बायपास होतं. मे महिन्यात पाणी तुमच्या हातात नसतं, ऑटोचा स्विच असतो. एसपीपी (एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर) बायपास केला असेल तर तोही चौकोन लिहा, लपवू नका.

मोटरसोबत नकाशाचा, नेमप्लेटचा आणि रिलेच्या डायलचा फोटो पाठवा. जळालेल्या कॉइल तोडण्याआधी आम्ही त्या नकाशाशी ताडून पाहतो.