रनवेसमोरच्या शेवटच्या वळणावर छोटं विमान का पडतं?

लँडिंगच्या वेळी छोटं विमान पडलं की लोक आधी विचारतात, इंजिन बंद पडलं का? पण कितीतरी अपघातांत इंजिन मस्त चालू असतं, आणि विमान पडतं ते रनवेच्या लाईनीत येण्यासाठी घेतलेल्या शेवटच्या वळणावर.

होतं असं, की पायलट रनवेला काटकोनात येत असतो, उंची 500 फुटांच्या आसपास, स्पीड कमी केलेला, त्यात मागून वारा असला की विमान वाटतं त्यापेक्षा लवकर पुढे सरकतं, वळायला उशीर होतो आणि रनवेची लाईन ओलांडली जाते. मग ती परत पकडायला तो विमान जास्त कलवतो, आणि खरा धोका इथे सुरू होतो. उंची टिकवून 60 डिग्री कलून वळायचं तर पंखांना वजनाच्या दुप्पट लिफ्ट (वर उचलणारं बल) द्यावी लागते आणि स्टॉलचा स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो स्पीड, 41 टक्के वाढतो, म्हणजे एरवी 50 नॉटला (नॉट हे विमानाच्या वेगाचं एकक) स्टॉल होणारं विमान आता 70 नॉटलाच होणार, आणि अप्रोचचा, म्हणजे उतरायला येतानाचा, स्पीड त्या 50 च्या साधारण 1.3 पट, म्हणजे 65 नॉटच असतो!

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नाही हां. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण 15-16 डिग्रीच्या पुढे गेला की हवा पंखाची वरची बाजू सोडते आणि लिफ्ट कोसळते.

जास्त कलायचं नाही हे बहुतेकांना माहीत असतं, आणि मला तर त्यातूनच होणारी चूक जास्त घातक वाटते. कलायचं टाळून ते रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी पट्टी) दाबून नाक आत ढकलतात, त्याने वळणाच्या आतल्या बाजूच्या पंखाचा वेग कमी होतो, विमान आपोआप आणखी कलतं, ते थांबवायला उलट एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची पट्टी) दिला की आतल्याच पंखाचा कोन वाढतो, त्यात नाक खाली जातंय म्हणून स्टिक मागे ओढली जाते. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला उलटून स्पिनमध्ये जातं, म्हणजे गिरक्या घेत खाली येतं. एवढ्या उंचीवर त्यातून सावरायला जागाच नसते.

लाईन हुकली तर ती ओढून पकडायची नाही, 30 डिग्रीच्या वर कलायचं नाही, सरळ गो-अराउंड करायचा, म्हणजे लँडिंग सोडून परत वर जायचं. मात्र फुल पॉवर दिल्यावर लँडिंगसाठी लावलेल्या ट्रिममुळे (स्टिकवर लागणारा जोर कमी करणारी सेटिंग) नाक झपकन वर जातं, तेव्हा स्टिक पुढे दाबून धरावी लागते, नाहीतर स्टॉल तिथेही होतो.